फोटोत झळाळतं, हातात निस्तेज: टोनिंग झालेल्या नाण्याची ग्रेड आणि किंमत फोटोवरून का चुकते

तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. फोटोत मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं, निळ्या-किरमिजी टोनिंगने, म्हणजे धातूवर चढलेल्या रंगाने, उजळलेला, वर्णनात ‘सहज एमएस ६५’ (एमएस म्हणजे न वापरलेलं नाणं, अंक ७० पैकी). हातात आल्यावर रंग फक्त एका कोनातून दिसतो, बाकी वेळ नाणं मातकट. ग्रेडिंगला, म्हणजे नाण्याची प्रत ठरवणाऱ्या कंपनीकडे, पाठवलं तर एमएस ६२ येते, किंवा अंकच मिळत नाही आणि ‘संशयास्पद रंग’ एवढाच शेरा येतो. उलटंही घडतं. स्कॅनरवर घेतलेल्या काळपट चित्रातल्या नाण्याकडे कुणी वळून बघत नाही आणि प्रत्यक्षात ते ६५ चं निघतं.

दोन्हीचं मूळ एकच आहे. फोटो बघताना डोळा आधी रंगावर जातो, पण ग्रेड ठरते रंगाखालच्या पृष्ठभागावर. म्हणून क्रम बदलायचा: आधी फोटो तपासायचा, मग लस्टर (टाकसाळीतली मूळ चमक), मग झीज आणि खुणा, त्यानंतर रंग आपोआप आलेला की आणलेला ते, आणि पैशाचा हिशेब सगळ्यात शेवटी.

रंग येतो कुठून, हे एकदा नीट समजून घ्या

चांदीवर हवेतल्या, कागदातल्या, पुठ्ठ्यातल्या किंवा कापडातल्या गंधकामुळे सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. थराची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी इतकी कमी असते. थराच्या वरच्या बाजूने परतलेला प्रकाश आणि खालच्या धातूवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात. त्यात काही रंग कटतात, काही उठून दिसतात. ओल्या रस्त्यावरच्या तेलाच्या तवंगात जे होतं तेच इथे होतं.

यातून निघणाऱ्या दोन गोष्टी पुढे सतत लागतील. एक, थर जाड होत जातो तसे रंग ठरलेल्या क्रमाने येतात: आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, किरमिजी, जांभळा, निळा. त्यानंतर फिकट निळसर पट्टा येतो आणि दुसरी फेरी सुरू होते: पिवळा, गुलाबी-किरमिजी, हिरवा. शेवटी सगळे रंग विझून करडा-काळा थर उरतो. दोन, रंग तेजस्वी दिसायला खालचा धातू चकाकता लागतो. लस्टर गेलेल्या चांदीवर तोच थर मळकट दिसतो. तेजस्वी रंग हा चांगल्या पृष्ठभागाचा पुरावा होऊ शकतो, पण तो फोटो काढणाऱ्याने तयार केलेला नसेल तरच.

फोटो खोटं बोलतोय का

सुरुवात व्हाइट बॅलन्सपासून करा. फोटो कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडा, रंग आकड्यांत सांगणारा ड्रॉपर घ्या आणि प्रत्यक्षात जे पांढरं असतं तिथे टेकवा. एनजीसी या ग्रेडिंग कंपनीच्या स्लॅबमध्ये, म्हणजे सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, नाण्याभोवतीचं आतलं बसकं पांढरं असतं, ते यासाठी उत्तम. रॉ, म्हणजे स्लॅबमध्ये नसलेलं, नाणं असेल तर पांढऱ्या पुठ्ठ्याचं होल्डर किंवा खालचा कागद बघा. लाल, हिरवा आणि निळा हे तीन आकडे जवळजवळ सारखे हवेत. २३५, २३३, २३१ असे आले तर फोटो ठीक. २४०, २२५, १९० आले तर सगळ्या चित्रावर पिवळी झाक आहे. ‘हलकं सोनेरी टोनिंग’ म्हणून विकली जाणारी कितीतरी नाणी या पिवळ्या झाकेतली साधी पांढरी नाणी असतात. तिन्ही आकड्यांत १५ पेक्षा जास्त फरक दिसला तर एडिटरमध्ये तोच बिंदू पांढरा म्हणून ठरवा आणि दुरुस्त झालेलं चित्रच पुढे वापरा.

इथे बरेच जण थांबतात, आणि तिथेच फसतात. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवलं तरी पांढरा पांढराच राहतो, त्यामुळे ड्रॉपरची चाचणी पास होते. सॅच्युरेशन पकडायला ज्याचा रंग आपल्याला माहीत आहे अशी दुसरी वस्तू लागते: स्लॅबच्या लेबलाची छपाई, स्लॅब धरणाऱ्या बोटांची त्वचा, टेबलाचं लाकूड. बोटं शेंदरी दिसत असतील तर नाण्यावरचा किरमिजीही तितकाच फुगवलेला आहे. चित्रात नाण्याशिवाय काहीच नसेल तर रंगाचा सर्वात गडद तुकडा मोठा करून बघा आणि तिथे ड्रॉपर फिरवा. एखादा रंग सलग २५५ वर किंवा शून्यावर अडकलेला असेल, आणि त्या तुकड्यात पोताचा मागमूस नसेल, तर स्लायडर ओढलेला आहे. धातूवरचा खरा रंग इतका सपाट कधीच नसतो, त्यात लस्टरच्या रेषांची बारीक खरखर असते.

अक्षरांच्या कडेने पांढरट प्रभावळ दिसली तर शार्पनिंग जास्त झालंय. मोबाईलचा एचडीआर मोड उजळ भाग दाबतो, सावल्या उचलतो आणि लस्टरचे पट्टे पुसून टाकतो. मोबाईलच्या फोटोत सगळं स्वच्छ दिसतं पण ‘जीव’ दिसत नाही, त्याचं हे नेहमीचं कारण. अशा वेळी दोष नाण्याचा धरू नका.

आता पिक्सेल. मॉर्गन डॉलरचा व्यास ३८.१ मिमी आहे. फोटोत नाणं ६०० पिक्सेल रुंद असेल तर एक पिक्सेल म्हणजे ०.०६ मिमीहून थोडं जास्त. साफ करताना पडलेले केसासारखे ओरखडे, ज्यांना हेअरलाइन्स म्हणतात, ते याहून बारीक असतात आणि अशा फोटोत विरून जातात. १,५०० पिक्सेल रुंदीला एक पिक्सेल ०.०२५ मिमीवर येतो, तेव्हा कुठे त्यांच्याबद्दल काही बोलता येतं. १८ मिमीच्या छोट्या नाण्याला तोच तपशील ७०० पिक्सेलमध्ये मिळतो. शिवाय जेपीईजी फाइल बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी तपशिलात साठवते. म्हणून छोट्या फोटोत दोन रंगांमधला अरुंद पट्टा गायब होतो आणि नैसर्गिक टोनिंगसुद्धा रंग ओतल्यासारखं दिसतं. कमी पिक्सेलच्या फोटोवरून ‘हा रंग बनावट आहे’ असं जाहीर करणं तितकंच चुकीचं.

प्रकाश कसा टाकलाय हे नाण्यावरच लिहिलेलं असतं. मोकळा सपाट भाग, म्हणजे फील्ड, सगळीकडे सारखा उजळ, अक्षरांच्या कडा काळ्या आणि रंग अतिशय भडक असेल तर प्रकाश लेन्सच्याच दिशेने सरळ खाली टाकलाय. यासाठी नाण्याच्या वर ४५ अंशांत काच धरतात आणि त्याला अॅक्सियल प्रकाश म्हणतात. या पद्धतीत रंग जास्तीत जास्त उठतो, पण हेअरलाइन्स आणि लस्टरचे पट्टे दोन्ही झाकले जातात. रंगाच्या नोंदीसाठी हा फोटो उत्तम, ग्रेडसाठी निरुपयोगी. सगळीकडे मऊ, सावलीविरहित प्रकाश असेल तर मध्ये कागद किंवा कापड लावलंय. इथे खुणा कमी दिसतात. घड्याळाच्या दहा आणि दोनच्या जागी दोन दिवे ठेवले असतील तर उजळ पट्टे पंख्याच्या पात्यांसारखे मध्यापासून कडेकडे पसरलेले दिसतात. ग्रेडचा अंदाज करायला हाच फोटो सर्वात कामाचा. स्कॅनर मात्र लस्टर जवळजवळ मारूनच टाकतो. स्कॅनवर करडी दिसणारी नाणी सोडून देण्याआधी दुसरा फोटो मागवा, त्यात अधूनमधून चांगलं नाणं स्वस्तात हाती लागतं.

रंग काढून टाका, मग बघा

फोटोची एक प्रत करा आणि ती कृष्णधवल करा. एवढ्याने अर्धी मोहिनी उतरते. आता फक्त उजेड-अंधार उरतो आणि प्रश्न एकच: उजळ पट्टा रंगाच्या सीमा ओलांडून अखंड जातो का?

टाकसाळीत ठसा आपटताना धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर किरणांसारख्या अतिसूक्ष्म रेषा तयार होतात. नाणं हलवलं की प्रकाशाचा पट्टा या रेषांवरून चाकासारखा फिरतो, म्हणून त्याला कार्टव्हील म्हणतात. टोनिंग या रेषांच्या वर बसलेलं असतं, त्यामुळे निळ्या भागातून सोनेरी भागात जाताना पट्टा मंद होऊ शकतो, तुटू नये. मध्येच तुटत असेल तर तिथे रेषा घासल्या गेल्यात, किंवा थर इतका जाड झालाय की खालचा धातू पोखरला आहे. पट्टाच नसेल आणि सगळीकडे सारखी मंद चमक असेल, तर नाणं कधीतरी आम्लयुक्त द्रावात बुडवलेलं, म्हणजे डिप केलेलं, आणि त्यानंतर पुन्हा रंगलेलं असण्याची शक्यता मोठी. एकदा अल्पकाळ केलेल्या डिपिंगने फारसं बिघडत नाही. वारंवार किंवा जास्त वेळ केलं की त्या रेषाच विरघळतात, आणि वर कितीही सुंदर रंग आला तरी ती चमक परत येत नाही.

कृष्णधवलनंतर लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनल एडिटरमध्ये वेगवेगळे बघा. ही युक्ती फार कमी लोक वापरतात, आणि टोनिंगच्या नाण्यांसाठी याहून उपयोगी काही नाही. गडद निळ्या भागातल्या खुणा साध्या फोटोत दबतात, कारण तो भाग अंधारा वाटतो. निळ्या चॅनलमध्ये तोच भाग उजळतो आणि तिथले ओरखडे वर येतात. नारिंगी-किरमिजी भागासाठी लाल चॅनल बघा. मॉर्गन डॉलरवर गाल आणि चेहऱ्यासमोरची मोकळी जागा हे दोन भाग ग्रेडवर सर्वात जास्त परिणाम करतात. नेमका तिथेच गडद रंगाचा डाग असेल तर चॅनल तपासल्याशिवाय ६४ च्या वरचा अंक तोंडातून काढू नका.

स्लॅबमधल्या नाण्यावर ओरखडा दिसला तर तो प्लास्टिकवरचा आहे का बघा. तो नाण्याच्या कडेच्या बाहेर लेबलापर्यंत जातोय का? दोन वेगवेगळ्या कोनांच्या फोटोंत त्याची जागा नाण्याच्या तुलनेत सरकते का? सरकत असेल तर तो प्लास्टिकवर आहे.

झीज की अर्धवट उठलेला ठसा

टोनिंग असलेलं एयू ५८, म्हणजे किंचित वापरलेलं, नाणं फोटोत एमएस ६४ सारखं दिसणं ही नित्याची गोष्ट. झीज झालेल्या उंच जागी लस्टर गेलेला असतो, त्यामुळे तिथे रंगही वेगळा बसतो: भोवती निळा किंवा सोनेरी, आणि उंचवट्यावर निर्जीव करडा-तपकिरी. मॉर्गनवर कानावरचे केस, कपाळावरची केसांची रेघ, गाल आणि मागच्या बाजूला गरुडाची छाती या जागा बघा. रंगाची सीमा उठावाच्या माथ्याशी नेमकी जुळत असेल तर ती झीज.

ठसा मुळातच कमकुवत उठला असेल तर कानावरचे केस सपाट दिसतात, पण रंग तिथून अखंड जातो आणि धातूच्या मूळ चकतीची खडबड दिसते. न्यू ऑर्लिन्स टाकसाळीच्या, ‘ओ’ खुणेच्या बऱ्याच मॉर्गन डॉलरवर असं आढळतं. त्यांना झिजलेलं समजून एयूत ढकलणं ही उलट्या बाजूची चूक.

रंग आलेला की आणलेला

फोटोवरून याचं शंभर टक्के उत्तर मिळत नाही. गंधकाच्या द्रावाने केलेला थरही सल्फाइडचाच असतो आणि तोही कोन बदलल्यावर थोडा सरकतो. म्हणून ‘तिरका धरल्यावर रंग बदलतो, म्हणजे नैसर्गिक’ हा युक्तिवाद सोडून द्या. त्यातून फक्त शाई किंवा रंगाचा लेप वगळता येतो. फरक असतो वेगात. वर्षानुवर्षं हळू चढलेला थर आणि काही मिनिटांत चढवलेला थर नाण्याच्या उठावाशी, खुणांशी आणि कडांशी वेगळ्या रीतीने वागतात.

पहिली तपासणी रंगांच्या शेजाराची. वर दिलेला क्रम डोक्यात ठेवा आणि नाण्याच्या कडेकडून मध्याकडे रंग वाचत जा. निळा, मग जांभळा, किरमिजी, सोनेरी, मग पांढरी चांदी: थर कडेला जाड, मध्याकडे पातळ, क्रम बरोबर. निळ्यानंतर एकदम पांढरी चांदी, मधले जांभळा-सोनेरी गायब, तर थांबा. मोठं करून बघितल्यावर मधला पट्टा अगदी अरुंद का होईना सापडायला हवा. हिरवा रंग दुसऱ्या फेरीतला असतो, त्यामुळे त्याच्या शेजारी किरमिजी-गुलाबी हवा. हिरव्याला लागून थेट चांदी असेल तर तो रंग उशिरा पोचलेल्या थराचा नाही, काहीतरी ओतलेलं आहे. किंवा पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटाचा चिकट हिरवा अंश आहे, जो टोनिंग नसून गंज आहे आणि धातू खातो.

या नियमाला एक खरा अपवाद आहे. अमेरिकी डॉलर टाकसाळीतून कापडी पिशव्यांत, एकेका पिशवीत १,००० असे ठेवले जात. नाणी एकमेकांवर पडल्याने झाकलेला भाग पांढरा राही आणि उघडा भाग रंगे. त्यामुळे चंद्रकोरीसारखी धारदार सीमा तयार होते. अशा सीमेचा वक्र दुसऱ्या डॉलरच्या गोलाईशी जुळला पाहिजे. एडिटरमध्ये नाण्याच्याच आकाराचं वर्तुळ काढून त्या सीमेवर ठेवा. वक्र जुळला तर पिशवीतलं टोनिंग असण्याला बळ मिळतं. त्याच नाण्यांवर कापडाच्या विणीची बारीक जाळीही उमटते. ही जाळी फील्डवर स्पष्ट असते आणि अक्षरांच्या अगदी लगत विरते, कारण कापड उठावाच्या कडेच्या खाचेत पोचत नाही. अक्षरं आणि ताऱ्यांभोवती राहिलेली ती फिकट किनार हा अनुकूल पुरावा मानतात. द्राव किंवा धूर मात्र खाचेतही शिरतो. रंग अक्षरांवरून, खाचांतून, कडेवरून एकसारखा वाहत गेलेला दिसला तर शंका घ्या.

साठवणुकीची खूण जुळते का हेही बघा. पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये गंधक कडेच्या पुठ्ठ्यातून येतं, म्हणून कडेला गडद आणि मध्याकडे फिकट अशी वर्तुळं तयार होतात. नाण्यांच्या कागदी गुंडाळीच्या टोकाला असलेल्या नाण्याची एकच बाजू रंगते. १९४७ ते १९५८ या काळातले अमेरिकी मिंट सेट, म्हणजे टाकसाळीने विकलेले नाण्यांचे संच, पुठ्ठ्याच्या चौकटींत येत, त्यातली नाणी दोन्ही बाजूंनी रंगलेली मिळतात. विक्रेता ‘जुन्या पिशवीतलं’ म्हणतो आणि दोन्ही बाजू कडेसकट एकाच भडक निळ्या-जांभळ्या रंगात असतील, तर सांगणं आणि नाणं जुळत नाही.

त्यानंतर खुणांचं वय. नाण्यावरच्या ओरखड्यात चकाकती चांदी दिसत असेल तर ओरखडा टोनिंगनंतरचा. ओरखड्यातही भोवतीचाच रंग असेल तर तो आधीचा. वाईट लक्षण हे: बारीक समांतर हेअरलाइन्सचा पुंजका, आणि त्या सगळ्यांत भोवतीसारखाच ताजा भडक रंग. म्हणजे आधी घासून साफ केलं, मग रंग चढवला. साफ केलेलं नाणं झाकायला टोनिंग करतात, हे कृत्रिम रंगामागचं सर्वात सामान्य कारण आहे.

तांब्याच्या नाण्यांबाबत थोडक्यात: तिथे मूळ लाल रंग किती शिल्लक आहे त्यावर आरडी (लाल), आरबी (लाल-तपकिरी) आणि बीएन (तपकिरी) असे वर्ग पडतात. काही साफ करणारे द्राव तांब्यावर विजेसारखा निळा-जांभळा रंग आणतात. लाल किंवा तपकिरी नाण्यावर सगळीकडे सपाट जांभळट झाक दिसली तर चांदीचे नियम लावू नका, थेट संशय धरा.

आणखी एक तपासणी इतकी साधी असून क्वचितच केली जाते. टोनिंगचा नमुना आणि लहान खुणा मिळून प्रत्येक नाण्याची ओळख वेगळी असते. नाणं प्रमाणित असेल किंवा दुर्मीळ सालाचं असेल तर मोठ्या लिलावघरांच्या जुन्या नोंदींत तेच नाणं शोधा. दोन्ही फोटो कृष्णधवल करून गालावरची, फील्डवरची आणि कडेवरची मिळून तीन-चार खुणा जुळवा. खुणा जुळल्या आणि काही वर्षांपूर्वी तेच नाणं पांढरं होतं, तर पुढचा सगळा वाद मिटतो.

विक्रेत्याकडून नेमकं काय मागायचं

‘आणखी फोटो पाठवा’ म्हणालात तर त्याच दिव्याखालचे आणखी तीन येतील. असं मागा:

१. दोन्ही बाजूंचा सरळ वरून एकेक फोटो, नाण्याची रुंदी किमान १,५०० पिक्सेल, शेजारी साधा पांढरा कागद, एडिटिंग नाही, एचडीआर बंद.

२. खोलीतला बाकी उजेड बंद करून एकाच दिव्याखाली नाणं साधारण १० ते १५ अंश तिरकं धरून दोन फोटो: एकदा दिव्याकडे कललेलं, एकदा दिव्यापासून दूर.

३. त्याच दिव्याखाली नाणं हळूहळू गोल फिरवतानाचा १५ सेकंदांचा व्हिडिओ, प्रत्येक बाजूचा एक. मोबाईल २०–२५ सेमी दूर धरून दुप्पट झूम, म्हणजे हाताची सावली पडत नाही.

४. रॉ नाणं असेल तर कडेचा फोटो. ओतलेल्या रंगाचे ओघळ तिथे सापडतात.

व्हिडिओ मिळाला तर बाकीचं नसलं तरी चालेल. कार्टव्हील फिरतं की नाही, उंचवट्यांवर पट्टा तुटतो की नाही, रंग किती कोनांतून दिसतो, ही तिन्ही उत्तरं त्यात असतात. रंग एका क्षणासाठीच पेटत असेल आणि उरलेला वेळ नाणं करडं असेल, तर किंमत त्या करड्या नाण्याची धरा.

अंदाज अंकात नाही, पट्ट्यात

विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या १ ते ७० च्या मोजपट्टीत ६० ते ७० हा पट्टा न वापरलेल्या नाण्यांचा. त्यातला एकेक अंक खुणा, ठसा, लस्टर आणि एकंदर देखणेपण यांच्या मिश्रणातून ठरतो, आणि लस्टर तर हातात फिरवूनच कळतो. फक्त अॅक्सियल फोटो असेल तर ‘६१ ते ६४’ असा रुंद पट्टा धरा. दोन दिव्यांचा चांगला फोटो असेल तर दोन अंकांचा. व्हिडिओही असेल तर एका अंकापर्यंत उतरता येतं. कृष्णधवल आणि चॅनलच्या फोटोंत काही संशयास्पद आढळलं तर पट्ट्याच्या खालच्या टोकाने हिशेब करा. टोनिंग खुणा लपवतं, दाखवत नाही, म्हणून चूक बहुतेक वेळा वरच्याच दिशेला होते.

किंमत

आधी त्याच साल-टाकसाळीच्या, त्याच ग्रेडच्या, रंग नसलेल्या नाण्याचा भाव शोधा. हा आधारभाव. रंगाची भर त्याच्यावर चढते, आणि ती दरपत्रकात नसते. ती फक्त झालेल्या लिलावांत सापडते. त्याच मालिकेतली, जवळपास त्याच रंगाची, त्याच ग्रेडची किमान पाच-सहा विकली गेलेली नाणी शोधा. मागितलेल्या किमती मोजू नका. सर्वात वरचा आणि सर्वात खालचा आकडा बाजूला ठेवा. दोन हट्टी ग्राहक भिडले की एखादा आकडा आभाळात जातो, तो बाजारभाव नसतो.

दर्शनी बाजूचा रंग मागच्या बाजूच्या रंगापेक्षा खूप जास्त मोलाचा. पिवळा-तपकिरी किंवा गडद करडा थर भर घालत नाही, उलट भाव उतरवतो. १८८१-एस (‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टाकसाळ) सारख्या भरपूर उपलब्ध आणि मुळातच चांगल्या लस्टरच्या डॉलरमध्ये रंगच किंमत ठरवतो आणि ६३ की ६४ याने थोडा फरक पडतो. दुर्मीळ सालात उलट: तिथे ग्रेडचा एक अंक रंगापेक्षा जड असतो.

रॉ नाण्याला जोखमीचा हिशेब लावा. उदाहरणार्थ आधारभाव १०० धरा. रंग मान्य होऊन ६४ मिळाली तर किंमत ३००, रंग मान्य पण ६३ आली तर २१०, रंग संशयास्पद ठरला तर ५०. फोटोंवरून तुम्हाला या तिन्हींची शक्यता ४०, ३० आणि ३० टक्के वाटते. मग १२० + ६३ + १५ = १९८. त्यातून ग्रेडिंगचं शुल्क आणि पाठवणीचे, समजा, ४० वजा केले की १५८. विक्रेता २५० मागत असेल तर तो ६४ ची खात्री विकतोय, जी त्याच्याकडेही नाही.

स्लॅबमध्ये असेल तर

पीसीजीएस ही ग्रेडिंग कंपनी १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून रंगाचा निवाडा बहुतेक बाजार त्यांच्यावर सोडतो. त्यांचा अंक म्हणजे ‘हा रंग बाजारात स्वीकारण्याजोगा आहे’ असं मत. नैसर्गिकतेचं प्रमाणपत्र ते नाही. पीसीजीएसच्या लेबलावर ९१ हा सांकेतिक क्रमांक संशयास्पद रंगासाठी आणि ९२ साफ केलेल्या नाण्यासाठी असतो. विक्रेते कधी कधी फोटोत लेबल अर्धवट कापतात, म्हणून पूर्ण लेबल बघा. एनजीसी देखण्या नाण्याला अंकानंतर तारा देते, टोनिंगच्या नाण्यांत त्याला खरी किंमत आहे. स्लॅबमधली नाणी पुन्हा तपासणाऱ्या सीएसी या कंपनीचं २००७ पासूनचं हिरवं स्टिकर सांगतं की नाणं त्या अंकाला भरभक्कम बसतं.

प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या नोंदीत टाकून तिथला फोटो असल्यास नाण्याशी जुळवा. तिथला रंग हातातल्यापेक्षा जास्त उठावदार वाटू शकतो, कारण तो रंग दाखवण्यासाठीच्या प्रकाशात घेतलेला असतो. जुळवायचं ते रंगाच्या सीमांचा आकार आणि खुणा. स्लॅब पूर्णपणे हवाबंद नसतो, त्यामुळे बऱ्याच वर्षांपूर्वीच्या फोटोपेक्षा रंग थोडा पुढे सरकलेला असू शकतो. सोनेरीचा तांबूस झालेला चालेल, पांढऱ्याचा मोरपिशी झालेला नाही.

नाणं हातात आल्यावर

परतीची मुदत संपायच्या आत एकाच प्रखर दिव्याखाली, पाच ते दहापट भिंगाने, नाणं कडेला धरून पूर्ण फिरवा. फोटोत जे कोन नव्हते नेमके तेच आधी बघा. रॉ चांदीच्या नाण्यावर लाखेचा किंवा शाईचा लेप असल्याची शंका असेल तर शुद्ध अॅसिटोन काचेच्या भांड्यात घेऊन नाणं काही मिनिटं बुडवता येतं. ते सल्फाइडला हात लावत नाही, पण लेप, चिकटपणा आणि पीव्हीसीचा अंश सोडवतं. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालणार नाही, त्यात इतर घटक असतात. जवळ ज्योत नको, खिडकी उघडी हवी, आणि बाहेर काढल्यावर पुसायचं नाही, ताज्या अॅसिटोनमध्ये एकदा बुचकळून तसंच वाळू द्यायचं. मात्र परत करायचा विचार असेल तर विक्रेत्याला विचारल्याशिवाय हे करू नका. त्याऐवजी हेअरलाइन्स किंवा तुटलेला पट्टा ज्या कोनातून दिसतो तो कोन पकडून छोटा व्हिडिओ घ्या, शेजारी पांढरा कागद आणि नाणं आलं ते पाकीट ठेवा, आणि परतीच्या अर्जासोबत तोच पाठवा.